मराठवाड्यात शुगरच्या पेशंटला ताजी भाजी-फळं कशी परवडवायची?

तुम्ही विचारलंय की आईला शुगर आहे, डॉक्टर भाजी-फळं वाढवा म्हणतात, पण मजुरीच्या पैशात ते कसं बसवायचं.

पहिलं म्हणजे औषधाचा खर्च कमी करा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगरची गोळी मिळते का ते विचारा. आमच्याकडे मेडिकलचं बिल वाचलं, तेव्हाच रोजची भाजी सुरू झाली.

दुसरं, महाग फळांच्या मागे लागू नका. सफरचंद, किवी काही गरजेचं नाही. पेरू, जांभूळ घ्या. जालन्याकडची मोसंबी स्वस्त असेल तेव्हा आणा, पण रस काढू नका, फोडी खा.

भाजीचं तर शिवारातच आहे. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, चिघळ. पेरणीनंतर तीनेक आठवड्यांनी करडईची विरळणी होते, तेव्हा उपटलेली कोवळी रोपं बांधावर पडून असतात. रान ओळखीचं असेल तर मागून आणा (फवारणी झालीय का तेवढं विचारा). लसूण-मिरचीची फोडणी, वरून मूठभर भिजवलेली मूगडाळ, आणि ज्वारीची एकच भाकरी. माझी आई दोन भाकरीवरून एकीवर आली ती याच भाजीमुळे.

उन्हाळ्यात मात्र खरंच अवघड जातं. तेव्हा आठवडी बाजारात दिवस मावळताना जा, वाटे निम्म्यात मिळतात. दाराशी शेवगा लावा, पाला आणि शेंगा दोन्ही खाता येतात. जेवण बदललं की गोळीचा डोस डॉक्टरांना विचारा, मनाने कमी करू नका.