बॉयलरची शेड, जळणाची थप्पी आणि शेजारच्या काकू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार. आमचं घर जोतिबा रोडला आहे. मागं भाविकांसाठी चार खोल्या काढल्यात आणि आंघोळीच्या पाण्यासाठी परसात लाकडावरचा ५०० लिटरचा बॉयलर बसवलाय. सध्या तो उघड्यावरच आहे, शेजारी जळण रचून वरनं ताडपत्री टाकतो, पण श्रावण येईपर्यंत खालच्या लाकडाला बुरशी धरते आणि धूर एवढा होतो की शेजारच्या काकू आमच्याशी बोलायच्या बंद झाल्यात. आता शेड करायची म्हणतेय. घरचे म्हणतात बॉयलर आणि जळण एकाच खोलीत घ्या, चारी बाजूंनी भिंत, वर सिमेंटचा पत्रा, दाराला कुलूप, विषय संपला. गवंडीपण तेच म्हणतोय. करू का तसं?
— एक वाचक, ता. पन्हाळा

उत्तर : ताई, तसं अजिबात करू नका. कोल्हापुरात ‘जाळ आणि धूर संगटच’ म्हणायची पद्धत आहे, ते कट्ट्यावर ठीक आहे, पण जाळ आणि जळण एका खोलीत कोंडायचं नसतं. एक तर आगीची भीती, आणि दुसरं म्हणजे चारी बाजूंनी भिंत घातली की लाकूड वाळणारच नाही. जळणाला वरनं छप्पर लागतं आणि बाजूनं वारं लागतं. ताडपत्रीखाली बुरशी येते तीपण त्यामुळंच, लाकडातला ओलावा वर जातो, ताडपत्रीला लागतो आणि परत खाली ठिबकतो.

ओल्या जळणानं किती नुकसान होतं बघा. ५०० लिटर पाणी २२ अंशावरनं ५० अंशावर न्यायला १४,००० किलोकॅलरी लागतात. चांगल्या वाळलेल्या लाकडात किलोमागं साधारण ३,५०० असतात, त्यातल्या निम्म्या जरी पाण्याला लागल्या तरी ८ किलोत काम होतं. तेच लाकूड निम्मं पाणी धरून असलं तर आधी ते पाणी उकळून उडवण्यातच जाळ जातो, दुपटीपेक्षा जास्त लाकूड लागतं, वर अर्धवट जळालेला धूर चिमणीत गार होऊन डांबरासारखा चिकटतो. तो थर कधीतरी पेट घेतो आणि मग चिमणी आतनं भणभणत जळते. काकूंचा राग काय, लाकूड वाळलं की निम्मा तिथंच जाईल.

आता शेडचं. दोन भाग करा, एकाच पत्र्याखाली नकोत. बॉयलर आणि मोठी थप्पी यांच्यात १० फूट तरी अंतर सोडा. एवढी जागा नसेल तर मधे ९ इंची विटेची नाहीतर जांभ्याच्या चिऱ्याची भिंत थेट पत्र्याला भिडेपर्यंत न्या, वर फट ठेवू नका. बॉयलरजवळ फक्त एका दिवसाचं जळण, तेपण तोंडासमोर नाही, बाजूला. तोंडासमोर ४ फूट मोकळा कोबा ठेवा, कारण निखारा उडतो तो तिथंच. बॉयलरखाली नुसती फरशी चालणार नाही, पाण्याचंच वजन अर्धा टन आहे, वर लोखंड वेगळं. खाली दगडाचं सोलिंग (दगड रचून ठोकलेला थर) आणि त्यावर ५-६ इंच काँक्रीट घाला, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच.

पत्रा सिमेंटचा नको. तापला की तडकतो, जोरात फुटतोसुद्धा, आणि जुन्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असतं. उजेडासाठी म्हणून फायबरचा पत्रा मधे टाकतात, तोपण बॉयलरच्या डोक्यावर नको. साधा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा घ्या, खाली लोखंडी अँगल. वासे आणि बांबू स्वस्त पडतात खरं, पण चिमणीपासून दीड फुटाच्या आत लाकूड असताच कामा नये. रोज रोज तापून लाकूड कोरडं ठक्क होत जातं आणि काही वर्षांनी एरवी पेटणार नाही एवढ्याशा उष्णतेलापण धरतं. दहा वर्षं काही झालं नाही म्हणणाऱ्याच्याच वाशाची ही गोष्ट असते.

चिमणी सरळ वर काढा. पत्र्याला भोक नको म्हणून फिटर लोक एल्बो टाकून बाजूनं काढतात, पण वळणावर काजळी साठते आणि ओढ कमी होते, मग दार उघडलं की धूर तोंडावर. भोक पाडा, चिमणीपेक्षा मोठं पाडा, भोकाची कड वर उचलून घ्या आणि त्यावर छत्रीसारखी पत्र्याची कॉलर चिमणीला आवळा. कॉलर पत्र्याला रिव्हेट करायची नाही, चिमणी तापली की लांब होते, तिला हलायला जागा पाहिजे. एमसील, डांबरपट्टी असले प्रकार तिथं एक सीझनपण टिकत नाहीत. भोकापासून चिमणी ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काय उंच असेल, तुमची गच्ची किंवा काकूंचं कौल, त्याच्यापेक्षा २ फूट वर. काकूंचा उरलेला निम्मा राग या २ फुटांत आहे.

आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडनं झोडपतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूला भिंत घ्या, तीपण जळणाच्या बाजूला मधे मधे विटा सोडून जाळीची, आणि पूर्वेला मोकळं ठेवा. पश्चिमेचा पत्रा २ फूट बाहेर काढा. पत्र्यावर दगड आणि टायर ठेवायची आपली जुनी सवय आहे, ती सोडा आणि जे-हुक (पत्रा अँगलला धरणारे वाकडे बोल्ट) वायसर टाकून नीट आवळून घ्या, आषाढातलं वारं दगडाला विचारत नाही.

थप्पी जमिनीवर नको, विटांवर अँगल टाकून ६ इंच उचला, भिंतीपासून ४ इंच लांब. घराच्या भिंतीला टेकवून तर कधीच रचू नका, वाळवी तिथनंच चौकटीत शिरते. रोज १० किलो धरलं तर पावसाळ्याच्या चार महिन्यांना १,२०० किलो होतं, बाभळीसारखं जड लाकूड असेल तर १० फूट लांब, ५ फूट उंच, २ फूट रुंद एवढ्या थप्पीत बसतं. म्हणजे शेड काय फार मोठी लागत नाही. लाकूड दिवाळी झाली की फोडून घ्या, आख्खा ओंडका दोन उन्हाळेपण ओला राहतो. वाळलंय का ते बघायला दोन फाटी एकमेकांवर आपटा, खणखण वाजली तर वाळली, धप्प आवाज आला तर थांबा. आणि पहाटे जळण काढताना आधी काठीनं वाजवा, थप्पीत उंदीर असतात आणि उंदरामागं घोणस येते.

तुम्ही विचारलं नाही पण सांगतोच, कारण सगळ्यात धोक्याचं हेच आहे. शेड करताना बॉयलर हलवणार, पाइप नव्यानं जोडणार. वरनं जो उघडा पाइप निघतो, वाफ जायचा, तो गार पाण्याच्या टाकीपेक्षा उंच गेला पाहिजे आणि त्याला कुठंही कॉक नको. पाणी ठिबकतंय म्हणून प्लंबर तिथं कॉक नाहीतर बूच बसवतो. बंद बॉयलरखाली जाळ म्हणजे बॉम्ब आहे. पत्र्यातनं तो पाइप बाहेर काढला का हे स्वतः उभं राहून बघा.

राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, दोन दिवस तशीच. वरनं गार दिसते, आत निखारा जिवंत असतो. प्लॅस्टिकच्या बादलीत भरून जळणाशेजारी ठेवणारे महाभाग आहेत.

प्रश्न : आमचं घर आंबेवाडीत. २०१९ ला आणि २०२१ ला पुरात सगळं जळण वाहून गेलं, बंबपण आडवा झाला. शेड कुठं बांधू?
— एक वाचक, ता. करवीर

उत्तर : दादा, जेवढी उंच जागा असेल तिथं बांधा हे तुम्हाला मी काय सांगणार. पण जळण कुठंही असो, पावसाळ्यात आठवड्याभराचं तरी गच्चीवर नाहीतर माळ्यावर ठेवा, पूर ओसरल्यावर कोरडं लाकूड पैसे देऊन मिळत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, ३९ ची बातमी आली की जाळ काढा, राख काढा (ओली राख पत्रा खाते), आणि बंब पाण्यानं काठोकाठ भरा. रिकामा केला की तो तरंगतो, म्हणूनच आडवा झाला असणार. पाया काँक्रीटचा करून चार बोल्टनं आवळला तर उत्तमच. पूर गेल्यावर चिमणीतला गाळ काढल्याशिवाय पेटवू नका, आणि पहिला जाळ बारीक ठेवा.

प्रश्न : फर्निचरवाल्याकडनं प्लायवूडचे तुकडे फुकट मिळतात. बंबात घातले तर चालतील का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. प्लायचा गोंद, सनमायका, जुना ऑइलपेंट, सगळ्याचा धूर विषारी, आणि ती राख झाडालापण घालता येत नाही. त्याच दुकानातनं बिनरंगाचे सागवानाचे तुकडे मिळाले तर बिनधास्त घ्या. भुसा मात्र फावड्यानं जाळात टाकू नका, एकदम भडका उडतो आणि भुवया जातात.