आसवं कोणाचं ऐकतात?

(वाचकांच्या धम्मविषयक प्रश्नांचं सदर. उत्तरं देणारे अजनीच्या लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. उत्तर नागपुरातल्या एका विहारात ते दर रविवारी पाली शिकवतात.)

प्रश्न : माझ्या मिस्टरांना जाऊन आठ महिने झाले. जलदान विधीच्या (माणूस गेल्यावर पाणी ओतून करतात त्या विधीच्या) दिवशी भन्तेजींनी ‘अनिच्चा वत सङ्खारा’ (घडून आलेलं सगळं अनित्य आहे) म्हटलं, आत्मा नसतो हेही समजावून सांगितलं. लहानपणापासून ऐकत आले, पटतंही. पण दुपारी चार वाजता चहा ठेवला की हात आपोआप दोन कप काढतात, आणि रडू येतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, “बौद्ध होऊन कायले रडून राहिली? सगळं अनित्य आहे ना?” तेव्हापासून चोरी केल्यासारखं वाटतं. दुसरं असं की, आत्माच नाही तर पुण्यानुमोदन केलं ते कोणासाठी?
– एक वाचक, नारी रोड

उत्तर : ताई, जय भीम. आधी शेजारणीचं बघू. तुमचं खरं दुखणं तिथं आहे.

कुशीनाराला भगवान बुद्धांचं महापरिनिर्वाण जवळ आलं, तेव्हा त्यांची सेवा करणारा भिक्खू आनंद हा विहारात गेला आणि दाराला धरून रडला. पंचवीस वर्षं तो सावलीसारखा सोबत होता. माझं शिकणं अजून बाकी आहे आणि माझ्यावर माया करणारा शास्ता (गुरू) चालला, असं तो म्हणत होता. भगवंतांनी त्याला बोलावून घेतलं. ‘पुरे आनंदा, शोक करू नकोस, आवडतं ते सारं एक दिवस सुटतं हे मी आधीच सांगितलं होतं ना,’ असं म्हणाले, हे खरं. पण एवढं बोलून त्याला परत पाठवलं नाही. तू इतकी वर्षं कायेने, वाचेने, मनाने मायेने माझी सेवा केलीस, हेही सांगितलं. मग सगळ्या भिक्खूंसमोर त्याचे गुण सांगत बसले. तुमच्या शेजारणीला यातलं पहिलं वाक्य तेवढं पाठ आहे.

आता अनात्माचं, म्हणजे आत्मा नसण्याचं. सारनाथला पाच भिक्खूंपुढे जे दुसरं प्रवचन झालं, ते अनत्तलक्खण सुत्त. त्यातला युक्तिवाद इतका साधा आहे की पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, आपलं काहीतरी वाचायचं राहिलं. शरीर जर खरोखर ‘मी’ असतं, तर ते दुखलं नसतं. ‘असं हो, असं होऊ नको’ म्हटलं की ऐकलं असतं. माझा डावा गुडघा चार वर्षांपासून माझं ऐकत नाही. विहाराच्या सहा पायऱ्या चढताना मी त्याला रोज सांगतो, तो रोज नाही म्हणतो. हेच पुढे वेदना (सुखदुःख जाणवणं), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाची घडण), विज्ञान (जाणीव) यांनाही लावलं आहे. माणूस ज्यांचा बनतो ते हे पाचही स्कंध तपासायचे आणि प्रत्येकाला म्हणायचं : ‘नेतं मम, नेसोहमस्मि, न मेसो अत्ता.’ हे माझं नाही, हा मी नाही, हा माझा आत्मा नाही.

मग ताई, वेदनासुद्धा आपल्या हुकमात नाही, असंच ना हे सुत्त सांगतं? चार वाजता येणारं रडू तुम्ही बोलावलेलं नाही. इतक्या वर्षांच्या सवयीतून, चहाच्या वासातून, दुसऱ्या कपाच्या आवाजातून ते उठतं, थोडा वेळ राहतं, ओसरतं. ‘बौद्ध आहेस, रडू थांबव’ म्हणणारा माणूस आत कुठेतरी एक मालक बसला आहे असंच धरून चालतो. तो मालकच तर नाही म्हणून सांगितलं होतं! रडू आलं तर येऊ द्या. आलं, राहिलं, गेलं, एवढं बघा. चहा मात्र उतू जाऊ देऊ नका.

“मग माझे मिस्टर कोण होते?” असं तुम्ही लिहिलं नाही, पण पत्रात ते आहे. भिक्खू नागसेनांनी मिलिंद राजाला हेच समजावताना रथाचं उदाहरण दिलं होतं : आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? मी रथ काही पाहिला नाही, इंजिनं पाहिली. शेडमध्ये एक मालगाडीचं इंजिन माझ्या डोळ्यांदेखत म्हातारं झालं. चाकं झिजली, बदलली. ट्रॅक्शन मोटर काढून दुसरी बसवली, काढलेली दुरुस्त होऊन तिसऱ्याच इंजिनात गेली. पेंटो (वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा) बदलला, केबल बदलल्या, रंग तर कितीदा. नंबर तोच. आमचा एक हेल्पर विचारायचा, “काका, मग हे जुनं इंजिन हाय का नवं?” मी म्हणायचो, तू आधी बोल्ट आवळ. पण प्रश्न बरोबर होता. त्या नंबरच्या आत वेगळं असं काही बसलेलं नव्हतं, आणि तरी त्या नंबरने हजारो टन कोळसा ओढला, हे खोटं नव्हतं. तुमच्या मिस्टरांचं नावही तसंच खरं होतं. त्यांनी घर ओढलं.

पुण्यानुमोदनाबद्दल सरळ सांगतो. अनुमोदन म्हणजे चांगल्या कामात आपलाही आनंद मिसळणं. पाणी ओतताना आपण म्हणतो, ‘इदं मे ञातीनं होतु, सुखिता होन्तु ञातयो’, म्हणजे हे माझ्या नातलगांना मिळो, नातलग सुखी होवोत. श्रीलंका, थायलंडसारख्या थेरवादी देशांत हे पुण्य मेलेल्या आप्तांपर्यंत पोचतं अशी श्रद्धा आहे. आपण धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांमधली सहावी घेतली आहे, श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही म्हणून. तेव्हा जलदानाला पिंडाचा धाकटा भाऊ करायचं कारण नाही. मी तरी ‘ञाती’ म्हणजे त्या दिवशी सतरंजीवर बसलेली माणसं असं धरतो. त्यांच्यासमोर तुमच्या मिस्टरांचं चांगलं बोललं गेलं, तुम्ही ऐकलंत, मुलांनी ऐकलं. आमच्याकडे भाषणं फार लांबतात, ती वेगळी तक्रार. आणि माणूस गेल्यावर काय उरतं यावर बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे : पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वं नष्ट होत नाहीत, आपापल्या साठ्यात जाऊन मिळतात. आत्म्याला तिथं जागा दिलेली नाही.

दुसरा कप काढायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर काढा, आणि त्या शेजारणीला बोलवा.

प्रश्न : मी बुटीबोरीला एका कंपनीत इंजिनिअर आहे. मित्र म्हणतात, तुमचा धर्म रडका, जिकडे तिकडे दुःखच. बाबासाहेबांनीही चार आर्यसत्यांवर (दुःख, त्याचं कारण, त्याचा अंत आणि त्या अंताचा मार्ग) शंका घेतली होती, हे खरं आहे का?
– एक तरुण वाचक, मनीषनगर

उत्तर : खरं आहे, बेटा. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी स्पष्ट विचारलं आहे की, चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतली की भिक्खूंनी मागून घातलेली? जगणं दुःख, मरण दुःख, पुन्हा जन्मही दुःख, असं म्हटलं तर माणसाला आशाच उरत नाही, ही त्यांची अडचण होती. ती का होती, हे आपल्या आजोबांच्या वस्तीत राहिलेल्याला कळतं. विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, आणि कोणी येऊन म्हणतो, संसार दुःखमयच असतो! काही दुःख माणूस माणसाला देतो. ते उपटून टाकायचं असतं, त्यावर डोळे मिटून बसायचं नसतं.

तरी त्या पाली शब्दाची बाजू मी घेणार. मराठीत दुःख म्हणजे रडणं; पालीतलं दुक्ख त्याहून रुंद आहे. मे महिन्यात कूलरला खसच्या नव्या ताट्या लावल्या की पहिल्या झोताला आपण म्हणतो, हाय, जिवात जीव आला. पाऊस पडून आठ दिवस झाले की तीच हवा अंगाला चिकचिकते. कूलर तोच, बटण तेच. बाहेरची हवा पालटली आणि सुखाचीच कटकट झाली. याला विपरिणाम-दुक्ख म्हणतात. यात रडकं काय आहे? नागपूरकराला तर हे शिकवावंही लागत नाही.

आणि धम्मपदातल्या 277 ते 279 या तीन गाथा शेजारी ठेवून वाच. पहिल्या दोनीत ‘सब्बे सङ्खारा’ आहे, म्हणजे जुळून, घडून आलेलं सगळं : ते अनिच्च, ते दुक्ख. तिसरीत शब्द बदलतो, ‘सब्बे धम्मा अनत्ता’, म्हणजे कुठल्याच गोष्टीत आत्मा नाही. ‘जगात सगळं दुःख’ असं सरसकट वाक्य तिथं नाहीच. शब्द का बदलला, यावर आमच्या वर्गात दोन रविवार भांडण झालं. तू ये, तिसरा रविवार तुझा.

प्रश्न : घरातली प्लॅस्टरची बुद्धमूर्ती पडून मानेजवळ तडकली. सासूबाई म्हणतात, अशी मूर्ती घरात ठेवू नये. काय करावं?
– वाचक, कामठी

उत्तर : एम-सील आणा. त्याचे दोन्ही भाग एकत्र चांगले मळून तडीत भरा, ओल्या बोटाने सारखं करा, रात्रभर वाळू द्या, मग पांढरा रंग मारा. माझ्याकडच्या मूर्तीचा उजवा कान असाच आहे, नातवाने पाडला होता. सासूबाईंना विचारा, मागच्या वर्षी त्यांचा हात मोडला होता तेव्हा प्लॅस्टर घातलं होतं का? नसेल मोडला तर हे विचारू नका.