सीटी स्कॅनचं रेडिएशन रक्तावरून कळतं का?

वर्षात पोटाचे दोन सीटी झाले, तर गुणसूत्रं तपासून किती रेडिएशन बसलं ते कळेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही कळणार. पोटाचा एक सीटी साधारण 10 मिलिसिव्हर्टचा आणि ही तपासणी 100 च्या खाली जवळजवळ आंधळी. पैसे घालवू नका.

पण ती बिनकामाची आहे असं कुणी म्हणालं, तर मी गप्प बसणार नाही.

मी एक्स-रे टेक्निशियन. एका तिमाहीत माझ्या टीएलडी बॅजचं, म्हणजे अंगावर बसलेलं रेडिएशन मोजणाऱ्या बॅजचं, रीडिंग 160 मिलिसिव्हर्ट आलं. वरिष्ठांनी लगेच पत्र टाइप करून समोर ठेवलं: 'निष्काळजीपणे काम केल्याने डोस घेतला.' सही करा म्हणाले. मी म्हटलं, आधी माझं रक्त तपासा. माझा अर्ज त्यांच्या टेबलावर सात आठवडे पडून राहिला.

शेवटी रक्त घ्यायची वेळ आली, तेव्हा सिस्टरनी सवयीने जांभळ्या टोपणाची नळी काढली. मी हात मागे घेतला. हिरवी हवी, हेपरिनची. पेशी जिवंत पोचायला हव्यात, कारण पुढे त्या 48 तास वाढवतात. म्हणून नळी बर्फातही ठेवायची नाही.

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी मला सरावाची एक स्लाइड दाखवली. एरवी गुणसूत्राला एकच कंबर असते. त्यात एकाला दोन होत्या आणि शेजारी तुटका तुकडा पडलेला. "हा डायसेंट्रिक. हजार पेशींत एखादा कुणाच्याही रक्तात सापडतो. अंगभर 1 ग्रे, म्हणजे 1000 मिलिसिव्हर्ट, गॅमा किरण बसले तर 80-90 सापडतात." माझ्या 1000 पेशींत एक सापडला.

म्हणजे डोस बॅजला बसला होता, मला नाही. बॅज लावलेला माझा एप्रन कुणीतरी चेस्ट स्टँडमागच्या, म्हणजे छातीचा एक्स-रे काढतो त्या स्टँडमागच्या, खुंटीला टांगून ठेवायचं. यावर वरिष्ठ म्हणाले, "मग तुम्हीच मुद्दाम टांगला असणार!" आधी निष्काळजी, आता लबाड. अंगावर किती बसलं तेवढंच रक्त सांगतं. एप्रन कुणी टांगला हे चौकशीत शोधायचं असतं, आणि ती त्यांनी केलीच नाही.

हो, तपासणीला मर्यादा आहेत. फक्त हाताला बसलेला डोस निसटू शकतो. डायसेंट्रिक असलेल्या पेशी काही वर्षांत कमी होत जातात. जुन्या डोससाठी फिश पद्धतीने, म्हणजे गुणसूत्रं रंगवून, ट्रान्सलोकेशन (गुणसूत्रांच्या तुकड्यांच्या अदलाबदली) मोजावी लागतात. आधी रेडिओथेरपी झाली असेल तर सांगायलाच हवं, नाहीतर आकडा फसवा येतो.

तुम्ही पेशंट आहात, तुम्हाला यातलं काही लागणार नाही. पण घरात कुणी एक्स-रे किंवा कॅथलॅबमध्ये असेल तर सांगून ठेवा: रीडिंग जास्त आलं की कुठल्याही पत्रावर सही नाही. त्याच दिवशी रक्ततपासणीचा लेखी अर्ज द्यायचा आणि पोचेवर तारीख घालून घ्यायची. माझ्या अर्जाच्या पोचेवर तारीख नव्हती, म्हणून ते सात आठवडे मला कधी सिद्ध करता आले नाहीत.