व्हिडिओ गेम्समधून तत्त्वज्ञानाचे प्रश्न खरंच हाताळता येतात का?

तुम्ही विचारलंय की गेम्स असे प्रश्न गंभीरपणे हाताळतात, की गोष्टीला वजन यावं म्हणून चार मोठे शब्द पेरलेले असतात. माझ्या मते हाताळतात, आणि काही प्रश्न तर पुस्तकापेक्षा जास्त जवळून. (पुढे कथानकं उघड होतील. खेळायचं असेल तर आधी खेळून या.)

लुकस पोपचा २०१३ सालचा 'पेपर्स, प्लीज' हा गेम घ्या. साल १९८२, आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, आणि तुम्ही सीमेवरच्या चौकीत पासपोर्ट तपासणारे कारकून. एक माणूस नीट तपासला की ५ क्रेडिट्स. दिवसाला दोन चुका माफ, तिसरीपासून दंड. संध्याकाळी घरभाडं, जेवण आणि थंडीत घर उबदार ठेवण्याचा खर्च. पैसे कमी पडले की घरातली माणसं आजारी पडू लागतात आणि औषधांचा खर्च वाढतो.

एके दिवशी एक माणूस येतो. त्याचे कागद चोख. जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. ती येते, पण तिच्याकडे प्रवेश परवाना नसतो. परत पाठवलंत तर मला मारून टाकतील, म्हणते.

मी तिला परत पाठवलं. त्या दिवशी माझ्या दोन चुका आधीच झाल्या होत्या आणि घरी मुलगा आजारी होता. शिक्का मारला, पुढच्या माणसाला बोलावलं. ती बाई मला आठवली ती दोन दिवसांनी, कामावर असताना. मी बँकेत कागदपत्रं तपासते. 'कागद अपुरे आहेत, उद्या या' हे वाक्य दिवसातून कितीदा माझ्या तोंडून जातं याची मोजदाद मी तोवर कधी केली नव्हती.

तत्त्वज्ञ हाना आरेन्टने १९६१ साली जेरुसलेममध्ये आइखमानचा, म्हणजे ज्यूंना मृत्युछावण्यांत पाठवण्याची व्यवस्था पाहणाऱ्या नाझी अधिकाऱ्याचा, खटला पाहिला. राक्षस दिसेल असं वाटलं होतं, तिथे तिला विचार करणं सोडून दिलेला एक सामान्य अधिकारी दिसला. आइखमान मुळात कट्टर ज्यूद्वेष्टा होता असं पुढे अभ्यासकांनी दाखवलं, त्यामुळे तिचं निदान त्याला कितपत लागू पडतं हा वाद आहेच. मला मात्र ते लागू पडलं. कॉलेजात ते मी परीक्षेपुरतं वाचलं होतं, आणि वाचताना आपण आपसूक चांगल्या माणसांच्या बाजूला उभे असतो. गेममध्ये शिक्का माझ्या हातात होता. द्वेषाची गरजच पडली नाही. घाई आणि घरभाडं एवढ्यावर भागलं.

स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सचा 'सोमा' (२०१५) वेगळा प्रश्न घेतो: माझ्या मनाची हुबेहूब प्रत काढली, तर ती मीच का? तत्त्वज्ञ डेरेक पार्फिटने हाच प्रश्न माणसाची प्रत परग्रहावर पाठवणाऱ्या यंत्राची कल्पना करून मांडला होता. इथे सायमन नावाचा माणूस समुद्राच्या तळाशी २१०४ सालात जागा होतो. खोल पाण्यात उतरायला दुसरं शरीर हवं, म्हणून तो त्यात 'जातो'. डोळे उघडतात, सगळं सुरळीत. तेवढ्यात मागून त्याचाच आवाज येतो: जमलं नाही का? जुना सायमन होता तिथेच आहे. तो बेशुद्ध झाल्यावर त्याची बॅटरी संपवायची की त्याला तसंच सोडून जायचं, हे तुम्ही ठरवायचं. शेवटी तिथून सुटण्यासाठी पुन्हा प्रत काढली जाते, आणि या वेळी तुम्ही मागे राहिलेल्या सायमनसोबत असता. हे असंच होणार हे मला कळत होतं. तरी 'मी सुटणार' ही आशा मनातून गेली नव्हती. तर्क पटणं आणि ते आतून मान्य होणं यातलं अंतर किती असतं, ते मला त्या क्षणी कळलं.

सगळ्यांनाच हे साधत नाही. 'बायोशॉक' (२००७) लेखिका आयन रँडच्या स्वार्थवादावर उभारलेल्या शहराची गोष्ट सांगतो. त्यात लहान मुलींना मारलं तर प्रत्येकीमागे १६० अ‍ॅडम (नव्या शक्ती घ्यायला लागणारं गेममधलं चलन), वाचवलं तर ८०. पण दर तीन मुली वाचवल्या की २०० अ‍ॅडम भेट मिळतं. बेरीज करा: ४८० विरुद्ध ४४०. चांगुलपणाची किंमत जवळपास भरूनच मिळते, मग प्रश्न उरतो कुठे? संवाद कितीही तगडे असोत, नियम भलतंच सांगत असतात.

आपला मोक्षपट आठवतो इथे, परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडलेला. सद्गुणांना शिड्या, दुर्गुणांना साप. पण तिथे कवड्या ठरवतील तेच घर. खेळणाऱ्याच्या हाती निवड नाही. शिकवण पटावर लिहिलेली आहे, ती वाचायची. 'पेपर्स, प्लीज'मध्ये वाचायला असं काही नाही, तिथे फक्त तुमच्यामागे लागलेली रांग आहे.

सुरुवात त्याच गेमने करा, २०२२ पासून तो मोबाइलवरही आहे. आणि त्या बाईचं तुम्ही काय केलंत ते खाली लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.