ळ चा थ्रो-अप काढून बघ

पोरी,

परवा रात्री तुझ्या आईचा फोन आला तेव्हा मी पोळीचा पहिला घास मोडत होतो. म्हणाली, भाऊ, ही उड्डाणपुलाखाली स्प्रे मारताना सापडली, समज देऊन सोडली म्हणे, पण तुम्हीच काहीतरी बोला, तुमचंच बघून शिकली. आता माझं बघून म्हणजे काय, मी तीस वर्षं नाशकात मेनरोड, रविवार कारंजा, भद्रकाली इथली शटरं आणि पाट्या रंगवल्या, रात्री दोनला खांबावर चढायला मी कधी शिकवलं? पण रागावू की हसू तेच कळेना बघ. समोर बसून बोललं की तू मान खाली घालून हो काका हो काका करतेस आणि कानातून सोडून देतेस, म्हणून हे लिहून पाठवतोय.

फोटो पाहिला मी, आईनेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. चार इंग्रजी अक्षरं, आऊटलाईन काळी, आत गुलाबी, बाणबिण काढलेत टोकाला. हात बरा आहे. ओघळ आलेत कारण तू हार्डवेअरच्या दुकानातला गाडी टचअपचा डबा वापरलास आणि एका जागी थांबलीस, हात चालता ठेवायचा असतो, नंतर सांगतो. पण खरं सांगू, ती अक्षरं तुझी नाहीत. मोबाईलवर हजार वेळा पाहिलेल्या न्यूयॉर्कच्या रेल्वेडब्यांवरच्या अक्षरांची ती नक्कल आहे, आणि नक्कल चांगली जमली म्हणून तू खूश आहेस. भांडण आहे ते एवढंच, पोलिस वगैरे नंतर बघू.

ते न्यूयॉर्कवालं ग्राफिटीचं आधी नीट समजून घे कारण त्यात गंमत आहे. ती पोरं स्वतःला आर्टिस्ट म्हणवत नव्हती, रायटर म्हणायची, लिहिणारी. फिलाडेल्फियात साठच्या दशकात कॉर्नब्रेड नावाचा पोरगा भिंतीभिंतीवर नाव लिहीत सुटला, मग न्यूयॉर्कात 'टाकी १८३' नावाचा. निरोप पोचवायची नोकरी होती त्याला, गावभर फिरायचा आणि जाईल तिथं नाव टाकायचा, १८३ म्हणजे त्याच्या रस्त्याचा नंबर. आपल्याकडं तिवंध्यातल्या कुणी 'बंड्या तिवंधा' लिहीत फिरावं तसं. १९७१ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी छापली आणि मग काय, गल्लीगल्लीतली पोरं मार्कर घेऊन बाहेर पडली. आता सगळेच लिहायला लागल्यावर माझं नाव वेगळं कसं दिसणार? म्हणून अक्षर फुगव, वाकव, एकमेकांत गुंतव, बाण काढ, शेवटी वाइल्डस्टाईल म्हणजे ज्याला कळतं त्यालाच वाचता येतं असं झालं. म्हणजे तो बाण उगाच नाही गं आलेला, दहा वर्षं एकमेकांवर कुरघोडी करता करता आलाय. तू तो बाण तयार उचललास.

माझ्याकडं हे सगळं कसं आलं ते पण ऐक. मार्था कूपर आणि हेन्री चॅल्फंट या दोघांनी त्या रंगवलेल्या ट्रेन्सच्या फोटोंचं पुस्तक १९८४ ला काढलं, ते मुंबईला कॉलेजात असलेल्या एका मित्राने कुठंतरी पाहिलं आणि त्याच्या झेरॉक्स मला आणून दिल्या, काळ्यापांढऱ्या, अर्ध्या पुसट. कित्येक वर्षं मला त्यातले रंग माहीतच नव्हते! पण त्यामुळं एक झालं, रंगाने डोळे दिपले नाहीत, मी फक्त अक्षराचा सांगाडा बघत बसलो. तुलाही सांगतो, एखादा पीस, म्हणजे भिंतीवरचं मोठं पूर्ण काम, आवडला की फोन ब्लॅक अँड व्हाईट करून बघ, निम्मे पीस तिथंच पडतात.

आणि हे सगळं ट्रेनवरून संपलं कसं माहितीये? तिथल्या रेल्वेने ठरवलं की रंगवलेला डबा पुसल्याशिवाय यार्डातून बाहेरच सोडायचा नाही. १२ मे १९८९ ला शेवटची रंगवलेली गाडी काढून टाकली. कुणी बघणारच नसेल तर लिहायचं कशाला. पण तोवर फोटो जगभर गेले होते ना, भिंती तर सगळीकडंच असतात.

आता मुद्द्याचं. ज्या ज्या गावात हे नुसतं उचललं तिथं ते नक्कल राहिलं, आणि जिथं त्यात आपलं काही घातलं तिथं ते त्या गावाचं झालं. ब्राझीलच्या साओ पावलोत पिशासाऊं म्हणून प्रकार आहे, उंच सरळ काटकुळी काळी अक्षरं, इमारतीच्या कपाळावर, पोरं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहून किंवा बाहेरून चढून लिहितात. ती अक्षरं आली हेवी मेटलच्या रेकॉर्डच्या कव्हरवरून, न्यूयॉर्कहून नाही. आणि तो एल सीड, फ्रान्समध्ये वाढलेला ट्युनिशियन घरचा माणूस, मोठेपणी अरबी लिहावाचायला शिकला आणि मग भिंतीवर फक्त अरबीच. २०१६ मध्ये कैरोत कचरा गोळा करणाऱ्या लोकांच्या वस्तीत त्याने पन्नासेक घरांवर मिळून एकच वाक्य लिहिलं, वस्तीत उभं राहिलं तर नुसते पट्टे दिसतात, समोरच्या मोकात्तम टेकडीवर चढलं की पूर्ण वाक्य दिसतं. मला तर तो फोटो पाहून रात्री झोप आली नाही. आपल्याकडं दिल्लीत डाकू म्हणून आहे, तो देवनागरीत नाव टाकायचा. लोधी कॉलनीत त्याने भिंतीवर अक्षरं रंगवलीच नाहीत, अशी उभी लावली की उन्हानं त्यांची सावली भिंतीवर पडते आणि सूर्य सरकला की शब्द सरकतात. बघ, अक्षरच आहे, पण काय केलं त्याचं!

आणि तू देवनागरीच्या देशात बसून चार रोमन अक्षरं फुगवतेस.

वहीत हे करून बघ. थ्रो-अपला काय लागतं? पोट असलेली फुगीर अक्षरं, एका दमात, दोन मिनिटांत. आपल्याकडं ती आयती आहेत. ठ बघ, छ बघ, ढ बघ, आणि ळ! ळ ला दोन पोटं आहेत, जगात कुणाला असं अक्षर मिळालंय गं. इंग्रजी 'B' फुगवून फुगवून शेवटी ते जिथं पोचतात तिथं आपला ळ बसलेलाच आहे. मग शिरोरेषा. ती तुला सुरुवातीला अडचण वाटेल, सगळ्यांना वाटते, म्हणतात देवनागरीचा टॅग, म्हणजे झटकन मारलेली सही, जमत नाही कारण वरची रेघ सगळं बांधून ठेवते. तोडून बघ, जाड करून छपरासारखी ठेव, पुढच्या खांबापर्यंत ओढत ने. काना म्हणजे उभा ओघळ, तो चुकून येऊ देऊ नको, मुद्दाम आण. रफार, वेलांट्या, 'तऱ्हा' मधला तो चंद्रकोरीसारखा र, हे सगळे तुझे बाण आहेत, बाहेरून आणायची गरज नाही.

आणि मोडी शीक. हसू नको. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघ मारून घ्यायचा आणि मग तिच्याखाली हात न उचलता सरासरा लिहीत जायचा, कारण काम लवकर उरकायचं असायचं. हात न उचलता, लवकर, आणि बघणाऱ्याने ओळखावं की हे कुणाचं अक्षर. टॅगची व्याख्याच झाली की ही! त्याच्या जोडीला कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं शोधून बघ, नाव वाचलं की नाटक हसवणारं का रडवणारं ते कळायचं. महिनाभर एकच शब्द काढ, शंभर तऱ्हांनी, मग मला दाखव.

आता ते पोलिसाचं. आपल्याकडं १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आहे, त्यात दंड पण आहे आणि कोठडी पण, आणि पकडणाऱ्याला तुझ्या अक्षरातली कला कळावी ही अपेक्षा ठेवू नको. परवानगी मागितली की मजा जाते असं तू म्हणशील, जाते थोडी, मान्य. पण न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये फाईव्ह पॉइंट्झ म्हणून कारखान्याची इमारत होती, मालकाच्या परवानगीने वर्षानुवर्षं रंगवलेली. २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत त्यावर पांढरा मारला. २१ जण कोर्टात गेले आणि २०१८ ला कोर्टाने त्यांना ६७.५ लाख डॉलर द्यायला लावले. त्यांचं काम चोरून केलेलं असतं तर उभं तरी केलं असतं का कुणी? तू रंगवलेला खांब पुढच्या आठवड्यात कुणीतरी राखाडी करून टाकेल आणि तू कुणाला काही विचारू शकणार नाहीस.

पांडवलेणीला मात्र नखसुद्धा लावायचं नाही, सांगून ठेवतो. तिथं बदाम काढून नावं कोरणारे दिसले की माझं डोकं फिरतं. तिथं आधीच लिहिलेलं वाच ना, दोन हजार वर्षांपूर्वीची ब्राह्मी आहे, सातवाहनांच्या राणी गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे, नहपान राजाचा जावई उषवदात याचा आहे, आणि मुगुदास म्हणून एका कोळ्याचंही नाव आहे. राणी आणि कोळी एकाच डोंगरावर! ब्राह्मीला शिरोरेषा नाही बरं का, एकदा सकाळी वही घेऊन जा, नुसती अक्षरं उतरवून आण.

आणि माझी एक चोरी सांगतो, आईला सांगू नको. निवडणुकीत भिंती रंगवायची कामं असायची, रात्रीतून भिंती राखून ठेवायच्या, चिन्ह पत्रा कापून मारायचं. पत्रा म्हणजे तुमचं स्टेन्सिल. तिकडं पॅरिसात ब्लेक ल रा १९८१ पासून उंदरांचे पत्रे मारत होता, पुढं बँक्सीने पण तेच केलं आणि त्याचं एक चित्र २०१८ ला लिलावातच अर्धं कातरलं गेलं, तरी २०२१ ला पुन्हा विकताना १ कोटी ८६ लाख पाउंडाला गेलं. मला भिंतीमागं पंधरा रुपये मिळायचे. तर पंचवटीत एका वाड्याच्या भिंतीवर मी न विचारता लिहीत होतो, शेवटचं अक्षर राहिलं होतं आणि दार उघडून एक आजी बाहेर आल्या. मी डबा उचलून पळणार तर म्हणाल्या, थांब. लिहिलंस ते लिहिलंस, आता खाली 'येथे लघवी करू नये' तेवढं लिही, आणि नीट लिही, लोकांना वाचता आलं पाहिजे. कंदील धरून उभ्या राहिल्या शेवटपर्यंत, लघवीतला घ नीट नाही म्हणून परत काढायला लावला. पक्षाचं नाव पुढच्या निवडणुकीत दुसऱ्यांनी पुसलं. आजींची ओळ मात्र मी नंतर वीसेक वर्षं येता जाता बघत होतो, वाडा पडेपर्यंत. पुसायची कुणाची हिंमत झाली नाही, आणि भिंत कोरडी राहिली.

बाकी कामाचं. भिंत चुन्याची असेल तर स्प्रे मारू नको, पापुद्रे निघतात, आधी खरवडून प्राइमर. पावसाळ्यात ओल असते, दिवाळी ते शिमगा हा आपला सीझन. घाटाच्या अंगाला तर विचारच करू नको, गोदावरीचा पूर ज्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की तुझं सगळं गोदामाईला अर्पण. तोंडाला ओढणी बांधून स्प्रे मारतेस ते बंद कर, ओढणीतून वाफ आरपार जाते, फिल्टरचा मास्क घे, पैसे मी देतो. पार्श्वभूमी डब्याने भरत बसू नको, रोलर आणि एक्सटीरिअर इमल्शन वापर, स्प्रे फक्त कडेला. आणि २०२७ च्या कुंभासाठी आता भिंती रंगवायची कामं निघतील, त्यात कमळं, वारली नाच आणि झाडे लावा यापलीकडं कुणाला काही सुचत नाही, तुझ्या वहीत शंभर ळ असतील तर बोलता येईल कुणाशीतरी. वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहियाने २०१४ ला दादासाहेब फाळके एवढे मोठे रंगवलेत, आणि फाळके आपले त्र्यंबकचे! इथं नाशकात तेवढी भिंत मिळाली तर मी या वयात पण शिडी चढेन.

रविवारी सकाळी आठला दुकानावर ये. भद्रकालीत एक जुने मिठाईवाले आहेत, त्यांना फ्लेक्स नको, हाताने रंगवलेलं शटर हवंय. नावात दोन ळ आहेत. जुने कपडे घालून ये आणि तो गुलाबी डबा पण आण, उरला असेल तर.

तुझा काका