आईच्या ऑपरेशनच्या वेळी भावाला आठवडाभर कुठं ठेवावं?

भाऊ २२ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा नसणं), अधूनमधून फिट येते, बोलणं मोजकंच. आईच्या ऑपरेशनच्या आठवड्यात त्याला ठेवून घेणारी बेळगावातली चांगली संस्था कोणती, असं तुम्ही विचारलंय. नाव सांगून तुमचं काम होणार नाही. संस्था कितीही चांगली असली तरी तुमचा भाऊ तिला नवाच, आणि "औषधं वेळेवर द्या, जरा लक्ष असू द्या" एवढ्यावर कुणालाही माणूस सांभाळता येत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा जेवणात होतो. "मऊ भात खातो" असं लिहू नका. गुरगुट्या भात, त्यावर आमटी किती, चमचा कोणता, घास केवढा, आणि घास गिळला हे कशावरून ओळखायचं, हे लिहा. बसवायचं ताठ, हनुवटी किंचित खाली. मान मागं टाकून पाणी पाजलं की ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि घाईतला माणूस नेमकं तेच करतो. खोकला आला किंवा आवाज ओलसर, घरघरता झाला की थांबायचं. जेवण झाल्यावर अर्धा तास बसलेलाच ठेवायचा. जेवायला ४० मिनिटं लागत असतील तर ४० लिहा. नाहीतर अर्ध्या ताटावर "पोट भरलं असेल" म्हणून ताट उचललं जातं आणि चार दिवसांत शौचाला खडा होतो.

गोळ्या मूळ पट्टीतच द्या, डबीत सुट्या नकोत. वर तीन दिवसांच्या जादा. हळूहळू विरघळणारी गोळी असेल तर "कुटायची नाही" हे ठळक लिहा. भातात कुस्करली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. औषध चुकलं तर फिट येऊ शकते. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा, कांदा काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. ५ मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८. नाकात मारायचा मिडाझोलॅम (फिट थांबवणारं औषध) स्प्रे दिलेला असेल तर तो कधी आणि किती मारायचा हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

आपल्याकडची खास अडचण वेगळी आहे. घरात मराठी, सांभाळणाऱ्या अक्का कन्नड. त्यात भाऊ मांडीवर हात आपटतो म्हणजे लघवी, "मम्" म्हणतो म्हणजे पाणी, हे त्यांना कसं कळणार? खूण, अर्थ, काय करायचं असा तीन रकान्यांचा कागद मराठी आणि कन्नड दोन्हींत करा. भरवण्याचा आणि खुर्चीतून उचलण्याचा व्हिडिओ मोबाइलवर द्या.

आणि पहिला मुक्काम ऑपरेशनच्याच आठवड्यात नको. आधी एक दुपार, मग एक रात्र, मग दोन. रात्री जागं कोण असतं हे तोंडावर विचारा. स्वतःहून कूस बदलता येत नसेल तर दर दोन तासांनी बदलावी लागते. दाबूनही न जाणारा लाल डाग दिसला तर त्या अंगावर झोपवायचं नाही.

आता "मावशी आहे की खानापूरला, परकी माणसं कशाला?" हे तुमच्याही घरात कुणीतरी म्हणणारच. रक्ताच्या नात्यानं घास गिळवता येत नाही. उलट मावशी कागद वाचत नाही, "मला काय शिकवता, चार पोरं वाढवलीत" म्हणते. पगारी बाई निदान विचारते तरी.

संस्थेची चौकशी ग्रामपंचायतीच्या व्हीआरडब्ल्यूकडं (गावपातळीवरचा अपंग पुनर्वसन कार्यकर्ता) किंवा तालुका पंचायतीच्या एमआरडब्ल्यूकडं (तालुक्याचा पुनर्वसन कार्यकर्ता) करा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची 'समर्थ' योजना (आता 'समर्थ-कम-घरौंदा') अशा तात्पुरत्या निवासासाठीही आहे. यूडीआयडी (अपंगत्वाचं ओळखपत्र) आणि निरामय (नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा) कार्डाच्या प्रती सोबत द्या. भाऊ १८ च्या वरचा आहे. आई ऑपरेशन टेबलावर असताना त्याच्या उपचारांच्या कागदावर सही कोण करणार? १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली डीसींच्या (जिल्हाधिकाऱ्यांच्या) अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. त्याला वेळ लागतो, अर्ज आजच टाका.

एवढं म्हटलं तरी मावशीनं तो कागद वाचून दोन रात्री नीट काढल्या, तर मावशीच बरी, भाऊ तिला ओळखतो. गिळताना वारंवार ठसका लागत असेल तर मात्र आधी स्पीच थेरपिस्टला (ते गिळणंही तपासतात) दाखवा, मग वरचं सगळं त्यांच्या सल्ल्यानं बदला. भावाला घरी आणताना वही मागून घ्या: किती खाल्लं, शौच कधी, झोप किती, फिट आली का.