प्रश्न असा आलाय: सात मजली सोसायटीची फायर एनओसी नूतनीकरणाला आली आहे. एजन्सीवाला सगळे बाटले (आग विझवायचे सिलिंडर) आणि जॉकी पंप (फायरच्या पाइपांतला दाब टिकवून धरणारा छोटा पंप) बदला म्हणतो. खरंच गरज आहे का, आणि खर्च किती येईल?

बाटल्यांचं आधी उरकून टाकतो. प्रत्येक बाटल्यावर बनावटीचं वर्ष असतं. पावडर, फोम आणि पाण्याच्या बाटल्याचं आयुष्य साधारण १० वर्षं धरतात, सीओटूचं १५. त्याच्या आत असेल, अंग गंजलेलं नसेल आणि हायड्रॉलिक टेस्ट (पाण्याच्या दाबाने बाटल्याची ताकद तपासणं) वेळेवर झालेली असेल, म्हणजे पावडरची दर ३ वर्षांनी आणि सीओटूची दर ५ वर्षांनी, तर नवा घ्यायचं कारण नाही. रिफिल पुरे. काटा हिरव्यात आहे म्हणून मात्र सोडून देऊ नका. काटा फक्त दाब दाखवतो. पार्किंगमध्ये वर्षभर टांगलेल्या बाटल्यात पावडर तळाशी घट्ट बसलेली असू शकते. बाटला उलटा करा, आत पावडर सरकल्याचं जाणवलं पाहिजे. सीओटूला काटाच नसतो, तो वजनावर तपासायचा. गॅस १० टक्क्यांपेक्षा जास्त घटला असेल तर भरून घ्यायचा. आणि रिफिलला देताना प्रत्येक बाटल्याचा नंबर लिहून ठेवा. काही ठिकाणी बाटला गोडाऊनपर्यंत फिरून येतो आणि बदलतं ते फक्त स्टिकर.

आता जॉकी पंप. खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसलोय, कारण बडोद्यातल्या निम्म्या सोसायट्यांच्या खजिनदारांशी माझं याच एका गोष्टीवरून वाजलेलं आहे. त्यांचं म्हणणं ठरलेलं: "जॉकी सारखा चालू-बंद होतो, बिल चढतं, बंद करून टाका." एजन्सीचं म्हणणंही ठरलेलं: "पंप थकला, नवा बसवा." दोन्ही चूक.

बडोद्यातल्याच अकोट्याच्या बाजूला नदीकाठी एक सोसायटी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी तळघरात शिरलं तेव्हा पंपरूम छतापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर मोटर रिवाइंड झाली, बेअरिंग बदलली, मेगर मारून इन्सुलेशन तपासलं. डिझेल पंपाच्या इंजिनचं ऑइल दुधासारखं झालं होतं, ते काढलं, बॅटऱ्या नव्या आल्या. इथवर सगळं बरोबर. राहिलं ते दोन ठिकाणी. प्रेशर स्विच (दाब बघून पंप चालू-बंद करतात ते) पुसून, हेअर ड्रायरने वाळवून परत लावले. पुरात बुडालेला प्रेशर स्विच फेकायचाच असतो, त्याच्या आतल्या काँटॅक्टवर बसलेला गाळ पुसून जात नाही. दुसरं म्हणजे फायरची भूमिगत टाकी. वरवर निर्मळ दिसते म्हणून ती उपसलीच नाही. तळाचा गाळ पंपाने उचलला आणि थेट राइझरमध्ये, म्हणजे मजल्यांवर जाणाऱ्या उभ्या पाइपात, चढवला.

पुढचं सगळं त्या गाळाने केलं. लँडिंग व्हॉल्व्हच्या (मजल्यावर होज जोडायचा नळ) रबरी वॉशरखाली कण अडकले, आगीच्या वेळी पाणी देणाऱ्या मेन पंपाच्या एनआरव्हीची (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) झडप पूर्ण बसेना. थेंबथेंब दाब उतरू लागला आणि जॉकी दर आठ-दहा मिनिटांनी सुरू व्हायला लागला. कमिटीने ठराव केला आणि जॉकी बंद केला.

इथेच लोकांच्या लक्षात येत नाही असा भाग आहे. समजा लाइनमध्ये ७ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब धरायचाय. जॉकी ६ ला सुरू होतो, ७ ला थांबतो. मेन पंप ५ ला सुरू होतो, सोबत डिझेल पंप असेल तर तो ४ ला. जॉकी बंद केला की गळतीमुळे दाब ५ च्या खाली येणारच, आणि मेन पंप आपोआप धडधडणार. तो रात्री दोन वाजता धडधडला की वॉचमन काय करणार? सिलेक्टर स्विच ऑटोवरून मॅन्युअलवर. म्हणजे जॉकी बंद करायचा ठराव हा प्रत्यक्षात मेन पंप बंद करायचा ठराव असतो, फक्त मिनिट बुकात तसं लिहिलेलं नसतं. त्या सोसायटीत राइझर काही दिवसांत रिकामा झाला. फायर एनओसीचं सर्टिफिकेट मात्र लॉबीत फ्रेममध्ये.

बिलाचा हिशोबही करून टाकू. साडेसात एचपीचा जॉकी म्हणजे ५.५ किलोवॅट. दर दहा मिनिटांत दोन मिनिटं चालला तर दिवसाचे ४.८ तास, सुमारे २६ युनिट. खजिनदारांची तक्रार खोटी नाही. पण धडधाकट लाइनवर हाच जॉकी दिवसात एखाद-दोनदा, तेही काही सेकंद, चालतो. बिल गळतीचं आहे, ते पंपाच्या नावावर खपवू नका.

गळती शोधायला कारागीर आणि एक दुपार पुरते. आधी जॉकी किती वेळाने सुरू होतो ते घड्याळ लावून पाहा. दर काही सेकंदांनी टकटक चालू-बंद होत असेल तर ती बहुधा गळती नाही. एअर व्हेसलमध्ये (दाबाचे धक्के झेलणारी हवेची टाकी) पाणी भरलंय किंवा प्रेशर स्विचच्या सुरू-बंद दाबात पुरेसं अंतर नाही. व्हेसल रिकामी करून परत हवा धरू द्या. काही मिनिटांनी सुरू होत असेल तर गळती. मेन पंप तेवढ्यापुरता मॅन्युअलवर घ्या, लाइन ७ वर भरून जॉकी थांबवा, मग राइझरचे आयसोलेशन व्हॉल्व्ह एकेक करून बंद करत गेजकडे पंधरा-पंधरा मिनिटं बघा. जो बंद केल्यावर काटा थांबला, त्या राइझरवर दोष. मग मजल्यामजल्यावरच्या लँडिंग व्हॉल्व्हची कॅप काढून तोंडाला बोट लावा, ओल सापडते. होज रीलचा व्हॉल्व्ह आणि सर्वांत वरचा एअर रिलीज व्हॉल्व्हही बघा. सगळे राइझर बंद करूनही काटा उतरतोय, म्हणजे पंपरूमचा एनआरव्ही नाहीतर आवारात पुरलेला पाइप. पुरलेल्या पाइपचं रॅपिंग नीट नसेल तर तो बाहेरून सडतो. हे एक खर्चिक काम आहे, बाकी सगळं वॉशर आणि झडपेचं. अकोट्याच्या सोसायटीत वॉशर बदलले, एनआरव्ही उघडून साफ केला, टाकी उपसली, स्विच नवे घातले. जॉकी जुनाच आहे आणि शांत आहे.

तुमच्या एजन्सीवाल्याला विचारा, यातलं काय तपासून त्याने पंप थकला असं ठरवलं.

सर्टिफिकेटचं म्हणाल, तर गुजरातमध्ये २०१३ चा कायदा लागू आहे. नूतनीकरणासाठी नोंदणीकृत फायर सेफ्टी ऑफिसर इमारत पाहतो, पण यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची आणि वापरणाऱ्याची, म्हणजे तुमची. मुदत तुमच्या कागदावर छापलेली असते, ती बघा. देखभालीचं कंत्राट ज्याच्याकडे, त्यानेच ओळखीचा ऑफिसर आणायचा, ही पद्धत मला अजिबात पसंत नाही. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला लागलेल्या आगीनंतर इमारत सील होईल या धास्तीने लोक कागदामागे धावले, आणि धावणाऱ्याला कोणीही काहीही विकतो.

तपासणीच्या दिवशी कमिटीतल्या दोघांनी हजर राहा. सर्वांत वरच्या मजल्यावर होज जोडून, नोझल लावून पाणी सोडायला सांगा. नोझल चालू असताना साडेतीन किलो मिळाला पाहिजे, आणि मेन पंप कोणी हात न लावता सुरू झाला पाहिजे. तो आपोआप बंद होत नाही, तसा मुद्दामच ठेवलेला असतो, हाताने बंद करावा लागतो. घात होतो तो इथे: टेस्ट संपते, कोणीतरी स्विच मॅन्युअलवर नेऊन पंप थांबवतो, सगळे चहाला वर जातात. स्विच तसाच. ऑफिसर गेटबाहेर जाण्याआधी तिन्ही पंपांचे (जॉकी, मेन, डिझेल) स्विच ऑटोवर असल्याचा फोटो घ्या. मग मेन स्विच पाडून बघा. आग लागली की इमारतीची वीज तोडतात. पंपाची लाइन मेन स्विचच्या आधीपासून, वेगळी घेतलेली नसेल तर पंपही त्याच क्षणी मरतो.

डिझेल इंजिन असेल तर दर आठवड्याला अर्धा तास चालवा. ते दगा देतं बहुतेक वेळा बॅटरीमुळे. होज बॉक्स उघडून होजच्या टोकाला लावायचा पितळी ब्रँच पाइप जागेवर आहे का बघा, भंगारात भाव येतो म्हणून तोच आधी जातो. रंगकामानंतर स्मोक डिटेक्टरवरची प्लास्टिकची टोपी काढलीय का तेही.

दाबाचे आकडे मी नेहमी आढळणारे दिलेत, तुमच्या मंजूर नकाशात वेगळे असतील तर तेच धरा. पॅनेल स्वतः उघडू नका. नदीकाठी असाल तर पॅनेल आणि बॅटऱ्या वरच्या पातळीला नेण्याबद्दल ऑफिसरला लेखी विचारा. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: तुमच्याकडे २००६ चा कायदा आहे, आणि परवानाधारक एजन्सीचा 'ब' नमुना (यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र) जानेवारी व जुलैत द्यावा लागतो. वर सांगितलेली गुजरातची नूतनीकरणाची पद्धत तुम्हाला लागू नाही.

खर्चाचं राहिलंच. न बघता आकडा सांगणं म्हणजे थाप मारणं. कोटेशन नगानिशी मागा: किती बाटले रिफिल, किती टेस्ट, किती बाद आणि कोणत्या वर्षाचे, किती वॉशर, कोणता व्हॉल्व्ह कोणत्या मजल्यावर. 'जॉकी पंप, नवा, १ नग' एवढंच लिहिलेलं असेल तर गळतीचा रिपोर्ट जोडून आणा म्हणून परत पाठवा.